तटबंध आणि वादळी उधाण : किनारी वस्त्यांचे संरक्षण व जोखीम

प्रस्तावना

समुद्रकिनारी राहणाऱ्या समाजांनी पाण्यापासून आपल्या शेतीचे व घरादारांचे रक्षण करण्यासाठी फार प्राचीन काळापासून बांध घातले आहेत. नेदरलँड्समधील डाइक, बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील बांध, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील तटबंध आणि कोकणातील खारबंदिस्ती ही सर्व एकाच प्रयत्नाची रूपे आहेत. बांध उंच केला की पुराचा धोका संपला, असा सर्वसामान्य समज असतो. तथापि २००५ साली न्यू ऑर्लिन्स शहरात जे घडले त्याने या समजाला मोठा धक्का दिला. तटबंध पाणी नाहीसे करीत नाही. ते कोठे जाईल, केव्हा येईल आणि आल्यावर किती काळ राहील, एवढेच तो बदलतो. प्रस्तुत लेखात न्यू ऑर्लिन्सच्या उदाहरणाच्या आधारे तटबंध व वादळी उधाण यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन केले असून बांगलादेश व कोकण-गोवा किनाऱ्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

वादळी उधाणाचे स्वरूप

चंद्र-सूर्याच्या आकर्षणामुळे येणारी भरती नियमित असते व तिचे वेळापत्रक आधी मांडता येते. वादळी उधाण मात्र चक्रीवादळामुळे निर्माण होते आणि ते भरतीच्या पातळीवर अधिकचे चढते. त्याची दोन प्रमुख कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे वादळाच्या केंद्रातील कमी हवेचा दाब. दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी साधारणतः एक सेंटीमीटरने वाढते. कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आले तेव्हा त्याच्या केंद्रातील दाब सुमारे ९२० हेक्टोपास्कल होता. सामान्य दाब १,०१३ धरल्यास या कारणाने पातळी एक मीटरपेक्षाही कमीच वाढते. प्रत्यक्षात मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे ८.५ मीटरपर्यंत चढले होते. उरलेली वाढ मुख्यतः दुसऱ्या कारणाची, म्हणजे वाऱ्याची होती. वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. समुद्र खोल असेल तर ते तळातून परत वाहून जाते. तळ उथळ असेल तर परतीची वाट अपुरी पडते व पाणी साचत जाते. म्हणूनच मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा आणि बंगालच्या उपसागराचा माथा हे दोन्ही प्रदेश उधाणाच्या दृष्टीने अतिशय धोक्याचे ठरतात.

तटबंधाचे कार्य व त्याच्या मर्यादा

तटबंध हा मूलतः मातीचा लांबलचक उंचवटा असतो. जेथे रुंद बांधाला जागा नसते तेथे मातीच्या बांधावर पोलादी पत्रे खोल ठोकून वर काँक्रीटची पूरभिंत उभारतात. लहान व मध्यम उधाणे अशी रचना समर्थपणे अडविते, हे तिचे निर्विवाद यश आहे. परंतु प्रत्येक बांधाची उंची एका ठरावीक वादळाच्या अंदाजावर बेतलेली असते. त्याहून मोठे वादळ येणारच नाही, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ही संज्ञा येथे समजून घेणे आवश्यक आहे. तिचा अर्थ असा पूर शंभर वर्षांच्या अंतरानेच येतो असा नसून, तो कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे, असा होतो. त्या हिशेबाने तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एकाहून किंचित अधिक भरते.

न्यू ऑर्लिन्सचा अनुभव

न्यू ऑर्लिन्स शहर दक्षिणेकडील मिसिसिपी नदी व उत्तरेकडील पाँचरट्रेन सरोवर यांच्या दरम्यान वसले आहे. १९६५ च्या बेटसी चक्रीवादळात शहराचा मोठा भाग बुडाल्यानंतर अमेरिकी काँग्रेसने संरक्षण प्रकल्पाला मंजुरी दिली व त्याचे काम लष्कराच्या अभियंता दलाकडे सोपविले. चाळीस वर्षांनंतरही हे काम अपूर्णच होते. जमीन खचल्यामुळे आणि उंची मोजण्याचा आधारबिंदू चुकल्यामुळे काही भिंती आराखड्यापेक्षा बुटक्या राहिल्या होत्या.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना येताच सुमारे पन्नास ठिकाणी तटबंध व भिंती फुटल्या आणि शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. या वादळाने एकूण १,३०० हून अधिक बळी घेतले.

या फुटींचे दोन प्रकार दिसून आले. शहराच्या पूर्वेकडील सेंट बर्नार्ड भागात पाणी बांधाच्या माथ्यावरून ओसंडले व उतारावरून वेगाने खाली येत आतील बाजू खरवडू लागले. हे बांध काही ठिकाणी जलमार्गातून उपसलेल्या वाळूमिश्रित मातीचे होते. ते वाहून गेले. याउलट चिकण मातीचे बांध अनेक ठिकाणी पाणी वरून जाऊनही टिकून राहिले. ओसंडलेल्या बांधाआड काही तासांचेच पाणी शिरते, तर वाहून गेलेल्या बांधातून सगळा समुद्र आत येतो. बांधाच्या उंचीइतकेच त्याच्या मातीचे व आतील उताराच्या अस्तरीकरणाचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर होता. सतराव्या रस्त्याचा कालवा व लंडन अॅव्हेन्यू कालवा यांच्या भिंती पाणी माथ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कोसळल्या. पाण्याच्या दाबाने भिंत मागे झुकली आणि तिच्या व कालव्याकडील मातीच्या दरम्यान फट पडली. त्या फटीत पाणी शिरल्याने दाब खोलवर पोहोचला. सतराव्या रस्त्याजवळ खालचा मऊ चिकण थर भिंतीसकट सरकला, तर लंडन अॅव्हेन्यूजवळ वाळूच्या थरातून पाणी झिरपून पाया निकामी झाला. हे अपयश निसर्गाच्या प्रकोपाचे नसून आराखड्याचे होते, हे नंतरच्या तांत्रिक चौकशीतून सिद्ध झाले.

बांधाआड खचणारी भूमी

न्यू ऑर्लिन्सचे मूळ शहर नदीकाठच्या नैसर्गिक उंचवट्यावर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी शक्तिशाली पंप उपलब्ध झाले आणि उंचवट्यामागील दलदल कोरडी करून तेथे वस्ती वाढली. दलदलीची माती पाण्यावाचून आकसते व तिच्यातील सेंद्रिय अंश कुजून जातो. परिणामी जमीन खचत गेली. आज शहराचा सुमारे अर्धा भाग समुद्रसपाटीखाली असून काही ठिकाणी ही खोली दोन मीटरहून अधिक आहे. अशा वाडग्यासारख्या भूमीत शिरलेले पाणी आपणहून बाहेर जात नाही. बांध मग त्या पाण्याला आतच कोंडतो. कॅटरिनानंतर पाणी उपसण्यास ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. मधल्या काळात सप्टेंबरच्या अखेरीस आलेल्या रिटा वादळाने काही भाग पुन्हा बुडविला.

दुसरीकडे नदीकाठच्या तटबंधांनी पुराचा गाळ पाणथळ प्रदेशात पसरू दिला नाही. त्यास तेल व वायूसाठी खोदलेल्या कालव्यांची आणि भूमी खचण्याची जोड मिळाली. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी गमावली. उधाणाचा जोर मंदावणारी नैसर्गिक ढाल अशा रीतीने झिजत गेली.

सुरक्षिततेची भावना व वाढती वस्ती

तटबंधामुळे लहान पूर थांबतात. पूर दिसेनासे झाले की भीती ओसरते, बांधाआड नवी घरे उभी राहतात आणि मोठ्या पुरात होणारे संभाव्य नुकसान वाढत जाते. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्येच केवळ बांधकामांवर विसंबण्यातील हा धोका दाखवून दिला होता. न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व भागातील वस्ती १९६५ नंतरच्या संरक्षणाच्या भरवशावरच वाढली. मान्यताप्राप्त तटबंधाआड राहणाऱ्यांना पूरविमा सक्तीचा नसल्याने ही भावना अधिकच दृढ झाली.

बांधाबाहेरील लोक

अडविलेले पाणी बांधाच्या पायथ्याशी साचते व बाजूला पसरू पाहते. म्हणून एका वस्तीचे संरक्षण शेजारच्या वस्तीच्या मुळावर येते काय, हा प्रश्न उभा राहतो. कॅटरिनानंतर सुमारे १४.५ अब्ज डॉलर खर्चून न्यू ऑर्लिन्सभोवती नवी संरक्षक प्रणाली उभारण्यात आली. २०१२ च्या आयझॅक वादळात ही प्रणाली टिकली, परंतु तिच्या बाहेरील ब्रेथवेट व लाप्लास ही गावे बुडाली. नव्या भिंतींमुळेच पाणी वाढले, अशी तेथील रहिवाशांची शंका होती. अभियंता दलाच्या अभ्यासात हा परिणाम अल्प असल्याचे आढळले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळातही प्रणालीने शहर राखले आणि लाप्लास पुन्हा पाण्याखाली गेले. भिंतीचा जलशास्त्रीय परिणाम कमी असला, तरी ती कोणाभोवती बांधावयाची हा निर्णय तांत्रिक असण्याबरोबरच सामाजिकही असतो, हे यावरून ध्यानात येते.

बांगलादेश व कोकण-गोवा : तौलनिक विचार

लुइझियानातील खचणाऱ्या भूमीचे साम्य बांगलादेशात आढळते. तेथे १९६० च्या दशकापासून बेटांभोवती बांध घालून ‘पोल्डर’ निर्माण करण्यात आले. खारे पाणी अडल्याने भातशेती वाढली, पण भरतीबरोबर येणारा गाळही अडला. नैऋत्य भागातील काही पोल्डरांची जमीन बाहेरील नैसर्गिक भूमीपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेली. मे २००९ च्या आयला वादळात बांध फुटल्यावर काही पोल्डरांत जवळजवळ दोन वर्षे भरती-ओहोटीचे पाणी येत-जात राहिले. यावर स्थानिक शेतकऱ्यांनी स्वतःच एक उपाय पुढे आणला. बांध नियोजनपूर्वक कापून काही वर्षे भरतीचे पाणी आत घ्यावयाचे व साचलेल्या गाळाने जमीन उंचावू द्यावयाची, अशी ही पद्धत पुढे शासकीय योजनांतही स्वीकारली गेली. मात्र त्या काळात शेती बंद राहत असल्याने शेतकऱ्यांच्या भरपाईचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कोकणातील खारभूमीचे बांध व त्यांतील उघाड्या, तसेच गोव्यातील खाजन शेतीचे बांध व मानशी यांची रचना प्रामुख्याने रोजच्या भरतीसाठी आहे. भरतीला दार मिटते आणि ओहोटीला उघडून आतील पाणी बाहेर सोडले जाते. बांधाइतकेच पाण्याच्या परतीच्या वाटेलाही येथे स्थान आहे, हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रात या क्षेत्रासाठी १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम आहे. जून २०२० मधील निसर्ग व मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनी हा किनाराही वादळांपासून मुक्त नसल्याचे दाखवून दिले. त्यामुळे बांधांची डागडुजी, उघाड्यांची देखभाल आणि बांधाबाहेरील कांदळवनांचे रक्षण यांचा एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

तटबंध वारंवार येणारे लहान पूर रोखतो, परंतु क्वचित येणाऱ्या मोठ्या उधाणाची हानी वाढविण्याची शक्यताही त्याच्यात असते. त्याची उपयुक्तता केवळ उंचीवर नव्हे, तर पाया, माती, आतील उतार, निचऱ्याची सोय व नियमित देखभाल यांवर अवलंबून असते. बांधाआड जमीन खचू न देणे, वस्तीवर नियंत्रण ठेवणे, बाहेरील पाणथळ भूमी राखणे आणि वेळेवर स्थलांतराची व्यवस्था करणे ही त्याची आवश्यक पूरक अंगे होत. यांपैकी काहीही न करता केवळ बांधाची उंची वाढवीत राहणे म्हणजे आजचा धोका पुढील पिढीकडे, अधिक मोठ्या स्वरूपात, सोपविणे होय.