आधी कुणाचं पॅकेट?

रात्रीचे साडेदहा. फ्लॅटमध्ये चौघं, वायफाय एकच. एक जण शॉर्टफिल्मचं फुटेज ड्राइव्हवर चढवतोय, दुसऱ्याची बीजीएमआयची मॅच ऐन रंगात, तिसरा आईशी व्हिडिओ कॉलवर. अचानक आईचा चेहरा स्क्रीनवर थिजतो, गेममधला गडी जागीच अडकतो आणि आतल्या खोलीतून आरोळी येते, ‘अरे, कोण डाउनलोड मारतंय?’

बऱ्याचदा डाउनलोड बिचारं निर्दोष असतं. खरा चोर अपलोड.

नेटवरून जाणारं सगळं, मीम असो की असाइनमेंट, तुकडे होऊन जातं. या तुकड्याला म्हणतात पॅकेट. मोठ्यात मोठं साधारण दीड हजार बाइटचं. समजा, अपलोड स्पीड २ एमबीपीएस आहे. मग असं एक पॅकेट बाहेर पडायला ६ मिलिसेकंद. किरकोळ! पण फुटेजची २०० पॅकेटं रांगेत आधीच उभी असतील तर मागून आलेल्या कॉलच्या इवल्याशा पॅकेटला जवळपास सव्वा सेकंद ताटकळावं लागतं. जिम गेटिस या अमेरिकी इंजिनीअरनं या दुखण्याला नाव दिलं, ‘बफरब्लोट’. मेमरी स्वस्त झाली, कंपन्यांनी राउटर-मोडेममध्ये रांगेसाठी ऐसपैस जागा ठेवली आणि रांगा लांबत गेल्या. त्यात वेबपेज उघडतानाही ‘हा तुकडा मिळाला’ अशी पोच उलट पाठवावी लागते. ती रांगेत अडकली की डाउनलोडही रखडतं.

यावर उपाय म्हणजे रांग शहाणी करणं. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला हे कधीचं कळलंय. चारशे पानांचा प्रोजेक्ट मशीनवर चालू असताना कुणी एकच हॉलतिकीट घेऊन आलं, तर तो ते आधी काढून देतो. २०१२ मध्ये लिनक्समध्ये आलेलं ‘एफक्यू-कोडेल’ जवळपास हेच करतं. प्रत्येक कामाची रांग वेगळी आणि थोडक्या पॅकेटवाल्याला आधी वाट.

तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ दिसलं तर चालू करा (काहींमध्ये नुसतं ‘क्यूओएस’ असतं) आणि अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. स्पीड कमी करून नेट फास्ट? हो! कारण मग रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे नियम तुमचे.

पण झेरॉक्सवाला म्हणाला, ‘जो जास्त पैसे देईल त्याचं आधी,’ तर?

तसंही झालंय. व्होडाफोन-आयडियाचा रेडएक्स आणि एअरटेलचा प्लॅटिनम, दोन्हींची ऑफर साधारण एकच. महागडा पोस्टपेड घ्या, ४जीवर जास्त स्पीड मिळवा. जुलै २०२० मध्ये ट्रायनं दोन्ही प्लॅन थांबवायला सांगितले आणि विचारलं, यात बाकीच्या ग्राहकांची सेवा खालावणार नाही कशावरून? आपल्याकडे २०१८ मध्ये सरकारनं मान्य केलेलं नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व सांगतं, एका वेबसाइटला पुढे, दुसरीला मागे असं करायचं नाही. इथे मात्र फरक वेबसाइटमध्ये नव्हता, माणसांमध्ये होता. टॉवरवर गर्दी असताना एकाचं पॅकेट पुढे काढलं की दुसऱ्या कुणाचं तरी मागे सरकतंच. आणि रोजच्या दीड जीबीवर जगणारे आपण त्यात कुठे उभे असतो, ते वेगळं सांगायला नको.