उंदरांसाठी मांजर आणलं, पुढे काय?

घरात उंदीर झाले की मांजर आणायचं, हाच हिशोब खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीतही लावला जातो. दगडावर नको ते उगवलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "हे कोण खातं?" तो बरोबरच आहे, पण त्यापाठोपाठ आणखी दोन विचारायला हवेत: हा प्राणी आणखी काय खातो, आणि हे संपल्यावर काय खाणार?

गैरसमज: आयप्टेशिया चिमट्याने उपटला की काम झालं.
वस्तुस्थिती: आयप्टेशिया हे तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं छोटं समुद्रफूल. बोट जवळ नेलं की क्षणात भेगेत आक्रसतं. उपटताना तळाचा कपटा मागे राहिला, तरी त्यातून नवं उगवतं. अशा ठिकाणी शिकारी खरोखर कामाला येतो.

गैरसमज: बर्घिया सोडली की कायमची निश्चिंती.
वस्तुस्थिती: बर्घिया ही बोटाच्या पेरापेक्षाही लहान, बिनशंखाची समुद्री गोगलगाय. ती फक्त आयप्टेशिया खाते, त्यामुळे प्रवाळांना तिचा धोका नाही. पण आयप्टेशिया संपला की तीही उपाशी मरते. शिवाय काही मासे आणि कोळंब्या तिलाच गट्ट करतात. त्यामुळे 'बर्घिया आणि आयप्टेशिया खाणारी कोळंबी, दोन्ही सोडू, जे काम करेल ते करेल' हा बेत अंगाशी येतो. काम उरकत आलं की ती दुसऱ्या गरजू टाकीत द्यावी.

गैरसमज: लाल रेघांची कोळंबी म्हणजे पेपरमिंट.
वस्तुस्थिती: पेपरमिंट कोळंबी आयप्टेशिया खाते, निदान बऱ्याचदा. तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी मात्र मऊ प्रवाळांचे पॉलिप कुरतडते. पैसे देण्याआधी निरखून पाहा: पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक, त्यावर बारीक लाल रेघा. कॅमलच्या अंगावर ठळक लाल-पांढरी नक्षी, पाठीवर कुबड आणि डोळे मोठे.

गैरसमज: क्लीनर कोळंबी माशांवरचे पांढरे ठिपके बरे करते.
वस्तुस्थिती: या रोगाचा परजीवी माशाच्या कातडीखाली शिरून बसतो, तिथे कोळंबीचे चिमटे पोहोचत नाहीत. पोट भरल्यावर तो गळून पडतो, वाळूत किंवा दगडावर कोष करतो आणि एकेका कोषातून शेकडो पिल्लं सुटतात. आजारी मासे वेगळ्या टाकीत नेऊनच उपचार करावे लागतात. तांब्याचं औषध मुख्य टाकीत टाकलं, तर कोळंब्या आणि प्रवाळ दगावतात.

गैरसमज: काटेरी किडा दिसला की त्याचा शिकारी आणावा.
वस्तुस्थिती: बहुतेक ब्रिसलवर्म वाळूत पडलेलं उष्टं आणि कुजकं खाऊन टाकी साफ ठेवतात. ते फार वाढले, तर टाकीत खाणं जास्त पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. त्यांचे काटे बोटात रुततात, म्हणून हातमोजे घाला; झाडूवाल्यालाच हाकलू नका.

गैरसमज: सिक्सलाइन रास असला की चपट्या किड्यांची चिंता नको.
वस्तुस्थिती: हा मासा हिंडताना दिसलेले किडे टिपतो. पण ॲक्रोपोरा प्रवाळ खाणारा चपटा किडा प्रवाळाच्या मेलेल्या, उघड्या सांगाड्यावर अंडी चिकटवतो, आणि तिकडे मासा ढुंकूनही पाहत नाही. त्यातून सिक्सलाइन भांडखोर. मागाहून आलेल्या माशांना तो टिकू देत नाही.

म्हणून नवं प्रवाळ आधी औषधी पाण्यात बुडवा, अंडी खरवडून काढा, काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. उंदीरच घरात शिरला नाही, तर मांजराच्या दुधाची सोय करावी लागत नाही.