लेकरू बसतंय का, चालतंय का? वाट किती बघायची?

मैत्रिणींनो, गटाच्या मीटिंगला आपल्यापैकी कितीतरी जणी लेकरू कडेवर घेऊनच येतात. बचत जमा होऊन सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत ही पोरं सतरंजीवर खेळत असतात. पुढच्या वेळी त्यांच्याकडे जरा लक्ष देऊन बघा. कोण मान सावरतंय, कोण आधाराशिवाय बसतंय, कोण भिंतीला धरून उभं राहतंय? बाळाचं वजन बघतो तसं हेही बघायला हवं.

अंगातली ताकद वरून खाली येते. आधी मान, मग पाठ-कंबर, शेवटी पाय. हाताचंही तसंच. सहा महिन्यांचं बाळ वस्तू अख्ख्या मुठीत धरतं. वर्षाचं होईतो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चुरमुरा उचलायला लागतं.

प्रत्येक लेकराचा वेग वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि २००६ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यात जवळजवळ सगळी मुलं ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय बसली. आणि ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान एकटी चालली. म्हणजे जावेचं पोरगं दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, तर काळजीचं कारण नाही. थोडी मुलं तर रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात.

पण वाट बघण्यालाही मर्यादा आहे. पुढीलपैकी काही दिसलं तर बाळाला डॉक्टरांना दाखवा:

• ४ महिने पूर्ण झाले तरी मान सावरत नाही.
• ९ महिने पूर्ण झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
• १८ महिने पूर्ण झाले तरी चालत नाही.
• हातपाय फार ताठ किंवा फार लुळे वाटतात.
• वर्षाच्या आतच एक हात वापरतं, दुसरा वापरतच नाही.
• आधी जमणारी गोष्ट करायचं बंद झालं. यात एक दिवसही थांबू नका.

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अशा बाळाचे महिने प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात.

घरात म्हणतात, “याचा बापही उशिराच चालला होता.” कधी ते खरंही असतं. पण कारण कुपोषण, मुडदूस, थायरॉईड किंवा जन्मताना मेंदूला कमी पडलेला प्राणवायू हेही असू शकतं. ते तपासल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षांत मेंदू झपाट्याने शिकतो, म्हणून उपचार आणि व्यायाम लवकर सुरू झाले तर उपयोग जास्त होतो. आणि एक लक्षात ठेवा, यात आईचा दोष नसतो. कुणी तसं म्हणालं तर गटातल्या बायांनी तिच्या बाजूने उभं राहावं.

दाखवायचं कुठं? आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला घरी येतात, त्यांना विचारा. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात काय जमावं हे चित्रांसह दिलंय, तेही बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पथक येणार त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण लेकरू घेऊन जा. गरज पडली तर ते पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तिथले उपचार मोफत असतात.

घरी काय करायचं? बाळ जागं असताना रोज थोडा वेळ पालथं झोपवा आणि जवळ बसा. दिवसभर झोळीत ठेवू नका. स्वच्छ गोधडी अंथरून जमिनीवर मोकळं सोडा. बसवायचा चाकाचा वॉकर आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट बाळ चुलीपर्यंत किंवा पायरीपर्यंत पोचतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. उभं राहता येऊ लागलं की, कुणीतरी जवळ असताना तो द्यायला हरकत नाही. हाताला खेळायला वाटी, चमचा, झाकण द्या. शेंगदाणे, हरभरे, मणी मात्र दूर ठेवा, घशात अडकतात.

पुढच्या मीटिंगला कर्जाचा विषय संपला की दहा मिनिटं काढा. ज्यांची मुलं दोन वर्षांच्या आतली आहेत, त्यांनी कार्ड घेऊन यावं आणि सगळ्यांनी मिळून ती बघावीत. एखादं लेकरू मागे दिसलं, तर त्याच्या आईसोबत दवाखान्यात कोण जाणार, हेही तिथंच ठरवा.