गिरडचे खडे आणि कापरेकरांची डेम्लो संख्या (लेखांक ७)

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तिथे नारळ-सुपारीसारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. आज आपल्यालाही खडेच हवेत, पण जरा जास्त : १२३४५६७८९८७६५४३२१.

इतके खडे चौरसात मांडले तर एकही उरत नाही आणि एकही कमी पडत नाही. प्रत्येक ओळीत १११११११११. खडा सेंटिमीटरभर धरला तर चौरसाची बाजू होते सुमारे ११११ किलोमीटर! एक बाजू गिरडहून सरळ उत्तरेला नेली तर ती बद्रीनाथच्या आसपास संपेल. दुसरी पश्चिमेला धरली तर दीव मागे टाकून अरबी समुद्रात शिरेल. ‘लीलावती’तल्या स्थाननामांत या संख्येचा पहिला अंक ‘मध्य’च्या घरात बसतो. परार्ध अगदी शेजारी, तरी एक घर पुढेच.

गेल्या आठवड्यात आपण दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची ६१७४ पाहिली. आजची ही संख्याही त्यांच्याच आवडीची. देवळालीच्या या शाळामास्तरांना अशा संख्यांची कल्पना डोंबिवली (तेव्हाचं ‘डेम्लो’) स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो’.

गुणाकार शाळेतल्यासारखा मांडा. १११ गुणिले १११ : पहिली ओळ १११, तिच्याखाली एक घर डावीकडे सरकून १११, आणखी एक घर सरकून पुन्हा १११. आता उभ्या रांगांमधले एक मोजा. एक, दोन, तीन, दोन, एक. उत्तर १२३२१. नऊ एक घेतले की रांगा नऊपर्यंत चढून उतरतात. हातचा कुठेच येत नाही, सगळी शोभा त्यामुळेच.

हातचा नसल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती चढउतारापेक्षाही सुंदर वाटते. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, तर वर्गाच्या अंकांची बरोबर ९ × ९, म्हणजे ८१. मूळ संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या म्हणजे ‘हर्षद’; हे नावही कापरेकरांचंच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्ये आठ नाही, हे लक्षात ठेवा.

आता दहावा एक जोडून वर्ग करा. मधल्या रांगेत दहा जमतात. शून्य लिहून हातचा एक डावीकडच्या नवाला दिला की त्याचेही दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक, आणि आठाचे नऊ होतात. तिथे हातचा थांबतो. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचत या. सातानंतर थेट नऊ. चढताना आठ इथेही नाही.