एका उकाराचे अंतर

आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना ह्रस्व-दीर्घावरून दुसऱ्यांना बोल लावण्याची सवय असते. पण एका ह्रस्व उकाराचे खरे मोल मला कळले ते वर्गात नव्हे, तर घरातल्या संगणकापुढे, तेही माझ्या आईमुळे.

माझे स्वतःचे एक छोटेसे संकेतस्थळ आहे. दचकू नका! त्यावर माझे चार लेख आहेत, विद्यार्थ्यांसाठी टिपणे आहेत आणि आईच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, १९५५ ते १९६१ या काळातल्या रोजनिश्या आहेत. अण्णा कचेरीत कारकून. रोज चार ओळी लिहायच्या: पाऊस, खर्च, आले-गेले. वह्यांची शाई इतकी फिकटली होती की आईला त्या वाचवत नसत. म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीकडून मी त्या टंकून घेतल्या. तिला बजावले होते, “लेखन जसेच्या तसे ठेव. एक अनुस्वारही हलवू नकोस.” तपासायचे काम मात्र माझे. ते १९५७ पर्यंत आले आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली गाडले गेले.

स्थळ बांधले माझ्या लेकीने. पानाच्या माथ्यावर तिने तीन सोयी ठेवल्या: अक्षर लहान-मोठे करण्यासाठी दोन ‘अ’, अमेरिकेतल्या भाच्यांसाठी मराठी-इंग्रजीची निवड आणि भिंगाचे चित्र असलेली शोधाची चौकट.

मोठा ‘अ’ दाबला की अक्षरे वाढतात आणि ओळी पानाच्या रुंदीत आपसूक बसतात, याचे आईला भारी कौतुक वाटले. पण तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई ती! लगेच म्हणाली, “हा ‘ल’ हिंदीच्या वळणाचा आहे. आपला नव्हे.” खरेच होते. संगणकाच्या युनिकोड या व्यवस्थेत हिंदी आणि मराठी ‘ल’चा क्रमांक एकच आहे. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असली, तर कोणते दाखवायचे हे पानाच्या पोटात लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरते. ती खूण घालायचीच राहिली होती. लेकीने ‘मराठी’ अशी नोंद केली, आणि ‘ल’ आणि ‘श’ दोघेही वळणावर आले.

खरा प्रसंग पुढेच आहे. एका दुपारी मी घरी आलो, तर आई संगणकापुढे गप्प बसलेली. शोधाच्या चौकटीत तिने ‘मधू’ लिहिले होते. मधू हा तिचा धाकटा भाऊ. १९५९च्या पावसाळ्यात, नवव्या वर्षी तापाने गेला. त्यानंतर अण्णांनी जन्मात त्याचे नाव उच्चारले नाही, हे शल्य आई उराशी धरून होती. पडद्यावर उत्तर आले होते: ‘एकही नोंद सापडली नाही.’

“वहीतसुद्धा लिहिलं नाही रे त्यांनी,” एवढेच ती म्हणाली.

मी चरकलो. पण दुसऱ्याच क्षणी आठवले, १९५६च्या वहीत मामाच्या पाटीचा खर्च मी स्वतः वाचला होता. ते पान उघडले. ‘चि. मधुस पाटी, ५ आणे.’ मधु! धु ह्रस्व!

उलगडा झाला. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी तत्सम शब्दांच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. ‘हरि’चा ‘हरी’ झाला, ‘गुरु’चा ‘गुरू’. माणसांची नावेही त्यातून सुटली नाहीत. अण्णांची शेवटची वही १९६१ची, आणि आईने तर हा नवा नियम पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोटून घेतलेला. युनिकोडमध्ये ह्रस्व उकाराचा क्रमांक २३६९ आणि दीर्घाचा २३७०. अगदी शेजारी शेजारी! पण यंत्र क्रमांक जुळवते, माणसे ओळखत नाही.

मी ‘मधु’ लिहिले. नोंदींची रांगच लागली. त्यात शेजाऱ्यांचा मधुमेहही आला. तो वगळून आई वाचत गेली. १९५९: ‘चि. मधु गेला. पाऊस थांबला नाहीं.’ आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये: ‘शाळेच्या वह्या आणल्या. संवयीनें मधुचीहि आणली. परत केली नाहीं.’

आई बराच वेळ बोलली नाही. मग मोठा ‘अ’ तीनदा दाबून तिने तीच नोंद पुन्हा वाचली.

आता लेकीने शोधाची रीत बदलली आहे. तुलना करण्यापुरते यंत्र ह्रस्व-दीर्घ एक मानते आणि अनुस्वार सोडून देते, त्यामुळे ‘काही’ लिहिले तरी ‘कांहीं’ सापडते. यात ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची गल्लत होते खरी. म्हणून तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी आधी आणि सैल जुळणाऱ्या मागून येतात. मूळ मजकुराला धक्का नाही. ज्या स्थळांवर अशी सोय नसेल, तिथे वाचकांनी जुन्या लेखनानेही एकदा शोधून पाहावे. ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे धरून चालू नये.

राहिलेल्या वह्या आता मी आणि आई मिळून तपासतो. परवा ‘मधु’ दिसताच सवयीने माझे बोट दीर्घ उकाराकडे गेले. आईने माझा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “अण्णांचं शुद्धलेखन तू सुधारू नकोस.”