नियमांच्या चाळणीतून निसटणारी विमाने

आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या कार्बन उत्सर्जनावर अंकुश ठेवणारी ‘कोर्सिया’ ही जागतिक योजना २०२७ पासून ऐच्छिक न राहता बहुतांश मोठ्या देशांसाठी बंधनकारक होत आहे. सुरुवातीच्या ऐच्छिक टप्प्यांपासून दूर राहिलेला भारतही त्या वर्षापासून तिच्या कक्षेत येईल. ठरलेल्या मर्यादेहून अधिक उत्सर्जन करणाऱ्या विमान कंपन्यांना त्याची भरपाई करावी लागेल. मात्र उद्योगपती, कंपन्यांचे उच्चाधिकारी आणि धनिक यांना घेऊन उडणारी बहुसंख्य छोटी जेट विमाने त्यानंतरही या योजनेबाहेरच राहतील. श्रीमंतांना सूट द्यावी असे कोठेही लिहिलेले नाही. नियमाची मोजपट्टीच मोठ्या विमान कंपन्यांच्या मापाने तयार झाली आहे आणि लहान विमाने त्या मापात बसत नाहीत. बिझनेस एव्हिएशन या उद्योगासमोरचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न याच मोजपट्टीचा आहे.

बिझनेस एव्हिएशन म्हणजे नेमके काय?

वेळापत्रकानुसार तिकिटे विकणाऱ्या विमान कंपन्या या क्षेत्रात येत नाहीत. कंपनीच्या किंवा व्यक्तीच्या मालकीची विमाने, गरजेनुसार भाड्याने मिळणारी विमाने आणि अनेकांनी हिस्से घेऊन वापरावयाची विमाने यांचा त्यात समावेश होतो. रुग्णांना हलविणारी हवाई रुग्णवाहिका बहुधा याच प्रकारच्या विमानांतून चालते. भारतात भाड्याने विमान चालविणाऱ्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून बिगर-अनुसूचित सेवेचा परवाना घ्यावा लागतो.

या उद्योगाचे नेतृत्व मुख्यतः त्याच्या संघटनांकडे आहे. अमेरिकेतील नॅशनल बिझनेस एव्हिएशन असोसिएशन १९४७ मध्ये स्थापन झाली. युरोप आणि भारत येथेही अशा संघटना आहेत. जागतिक पातळीवर त्यांची बाजू मांडण्यासाठी १९८१ मध्ये इंटरनॅशनल बिझनेस एव्हिएशन कौन्सिल, म्हणजेच आयबॅक, अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आहे. १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेली आणि संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, अर्थात आयसीएओ, याच शहरात आहे. विमान वाहतुकीचे जागतिक नियम तेथे ठरतात आणि आयबॅक तेथे निरीक्षक म्हणून उपस्थित असते.

सुरक्षिततेत स्वयंशिस्त, मग नियम

या नेतृत्वाच्या जमेस एक महत्त्वाचे काम आहे. आयबॅकने २००२ मध्ये विमानचालनाच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएस-बाओ’ ही स्वेच्छेने स्वीकारण्याची मानके तयार केली. धोक्यांची नोंद कशी ठेवावी, वैमानिकांचे प्रशिक्षण कसे असावे, जबाबदारी कोणाची, हे त्यात ठरवून दिले आणि बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणीची व्यवस्था केली. पुढे आयसीएओने सामान्य विमानचालनाविषयीच्या आपल्या नियमांची फेररचना केली. २०१० मध्ये लागू झालेल्या त्या नियमांत मोठ्या आणि जेट विमानांसाठी सुरक्षा व्यवस्थापनाची स्वतंत्र तरतूद आली. उद्योगाने आधी स्वतःस लावून घेतलेली शिस्त नंतर जागतिक नियमांच्या चौकटीत स्थिरावली, असा तो प्रवास होता.

हवामानाच्या बाबतीतही या उद्योगाने पहिले पाऊल स्वतःहून टाकले. २००९ मध्ये संघटना आणि विमाननिर्मात्यांनी मिळून तीन वचने दिली: २०२० पर्यंत इंधन-कार्यक्षमतेत दरवर्षी दोन टक्के सुधारणा, २०२० नंतर कार्बनच्या दृष्टीने तटस्थ वाढ आणि २०५० पर्यंत २००५ च्या तुलनेत निम्मे उत्सर्जन. ऑक्टोबर २०२१ मध्ये अखेरचे वचन अधिक कडक करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर झाले. आयसीएओच्या सदस्य देशांनी संपूर्ण आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीसाठी असेच ध्येय त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्वीकारले. फरक एवढाच की, सुरक्षिततेच्या वचनामागे पुढे नियम उभा राहिला. हवामानाच्या वचनामागे तो अद्याप पूर्णपणे उभा राहिलेला नाही.

आकडा एक, वाचन दोन

‘कम्युनिकेशन्स अर्थ अँड एन्व्हायर्नमेंट’ या शोधपत्रिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खासगी विमानांच्या उड्डाणांचा माग काढण्यात आला. २०१९ ते २०२३ या काळातील सुमारे १ कोटी ८७ लाख उड्डाणे आणि जवळपास २६ हजार विमाने त्यात मोजली गेली. २०२३ मध्ये या विमानांनी किमान १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के होती. यातील ४७ टक्के उड्डाणे पाचशे किलोमीटरहून कमी अंतराची होती.

उद्योग म्हणतो की, जगाच्या एकूण उत्सर्जनात आपला वाटा जेमतेम ०.०४ टक्के आहे. वरील आकडा जगाच्या उत्सर्जनाशी ताडून पाहिल्यास हा दावा खरा ठरतो. टीकाकार म्हणतात की, हा भार जगातील मूठभर माणसांसाठी उचलला जातो. तेही खरेच आहे. या अभ्यासानुसार एका उड्डाणामागे सरासरी ३.६ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर भारतात दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे. म्हणजे एका उड्डाणाचा भार एका सामान्य भारतीयाच्या पावणेदोन वर्षांच्या भाराएवढा होतो. एकूण बेरीज पाहिली तर प्रश्न लहान दिसतो, माणशी वाटणी पाहिली तर तोच न्यायाचा प्रश्न होतो. मे २०२३ मध्ये जिनिव्हात या उद्योगाचे वार्षिक युरोपीय प्रदर्शन सुरू असताना हवामान कार्यकर्त्यांनी स्वतःस विमानांशी जखडून घेतले. त्यांच्या संतापामागे ही दुसरी वाटणी होती.

चाळणीची छिद्रे कोठे आहेत?

कोर्सियात एक उंबरठा आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांतून वर्षाला १० हजार टनांहून अधिक उत्सर्जन करणाऱ्या चालकासच ती लागू होते. विमानाचे कमाल वजनही ५,७०० किलोहून अधिक असावे लागते. एक किलो विमान इंधन जळाले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तासाला एक टन इंधन जाळणारे एखादे मोठे जेट वर्षाला चारशे तास उडाले, असे उदाहरणादाखल धरू. त्याचे उत्सर्जन सुमारे १,२६४ टन भरते. दहा हजारांचा उंबरठा ओलांडण्यास एकाच चालकाकडे अशी आठ विमाने हवीत आणि त्यांची सगळी उड्डाणे देशाबाहेरची हवीत. एक-दोन विमाने बाळगणारी कंपनी येथपर्यंत पोहोचणे अवघड आहे. देशांतर्गत उड्डाणे तर या हिशेबात धरलीच जात नाहीत.

युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापार योजनेतही असेच उंबरठे आहेत. स्वतःची विमाने अव्यावसायिक कामासाठी वापरणाऱ्यास वर्षाला एक हजार टनांपर्यंत सूट आहे, तर भाड्याने विमान चालविणाऱ्या छोट्या कंपन्यांना दहा हजार टनांपर्यंत. प्रशासकीय दृष्टीने यात तर्क आहे. शेकडो लहान मालकांच्या नोंदी तपासण्याचा खर्च हाती येणाऱ्या लाभाहून अधिक होईल, अशी भीती नियम करणाऱ्यांना होती. परंतु वाहतूक वाढत गेली आणि सूट मात्र तेथेच राहिली.

इंधनाच्या मार्गाने तोडगा

विमानाऐवजी इंधनास नियम लावणे हा यावरचा एक उपाय आहे. वापरलेले खाद्यतेल, शेतीतील अवशेष आदींपासून तयार होणारे शाश्वत विमान इंधन आजच्या इंजिनांत निम्म्या प्रमाणापर्यंत मिसळून वापरता येते. निर्मितीपासून ज्वलनापर्यंतचा हिशेब धरता त्यामुळे उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गल्फस्ट्रीम कंपनीच्या एका बिझनेस जेटने केवळ अशा इंधनावर अटलांटिक महासागर ओलांडला. तंत्र सिद्ध झाले आहे. अडचण आहे ती तुटवड्याची आणि किमतीची. २०२४ मध्ये जगातील विमान इंधनात त्याचा वाटा ०.३ टक्के इतकाच होता.

युरोपीय संघाने इंधन पुरवठादारांवर २०२५ पासून २ टक्के, २०३० पासून ६ टक्के आणि २०५० पर्यंत ७० टक्के मिश्रणाची सक्ती केली आहे. वर्षाला साधारण आठ लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांपुरती ती आहे. बिझनेस जेट मात्र गर्दी टाळून लहान विमानतळांवर उतरणे पसंत करतात. म्हणजे येथेही छिद्र उरलेच. ब्रिटनने २०२५ पासून देशातील एकूण इंधनपुरवठ्यावर सक्ती लावून ते बरेचसे बुजविले. तेथे २०३० चे उद्दिष्ट १० टक्के आहे.

लहान विमानतळांसाठी उद्योगाने ‘बुक अँड क्लेम’ ही पद्धत पुढे आणली आहे. जेटचा मालक शाश्वत इंधनाचे पैसे भरतो, ते इंधन उपलब्ध असलेल्या दुसऱ्या विमानतळावर दुसऱ्याच विमानात भरले जाते आणि उत्सर्जनातील बचत पैसे भरणाऱ्याच्या नावे नोंदली जाते. इंधन टँकरने दूरवर नेण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. मात्र एकच बचत दोघांच्या खाती जमा होणार नाही, याची काटेकोर नोंदवही असल्याशिवाय या पद्धतीवर विश्वास बसणे कठीण आहे.

काही देशांनी कराचा मार्ग धरला. फ्रान्सने १ मार्च २०२५ पासून मागणीनुसार उडणाऱ्या बिझनेस जेटच्या प्रवाशामागे अंतरानुसार ४२० ते २,१०० युरो कर लावला. ब्रिटनने मोठ्या खासगी जेटवरील प्रवासी करात एप्रिल २०२६ पासून आणखी ५० टक्के वाढ करण्याचे ठरविले. जून २०२५ मध्ये सेव्हिल येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस आदी आठ देशांनी उच्च श्रेणीचे प्रवासी आणि खासगी जेट यांच्यावरील करासाठी आघाडी जाहीर केली.

भारतासाठी आणि गोव्यासाठी अर्थ काय?

भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी शाश्वत इंधनाच्या मिश्रणाची उद्दिष्टे ठरविली आहेत: २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के. देशी शाश्वत इंधनाचे मिश्रण वापरणारे पहिले व्यावसायिक प्रवासी उड्डाण मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीस गेले आणि ते इंधन तयार करण्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचा सहभाग होता. उसाचा आणि शेतीच्या अवशेषांचा प्रदेश असलेल्या महाराष्ट्रास या उद्योगात वाव आहे. मात्र मुंबईहून गोव्यास येणारे खासगी जेट ना कोर्सियात मोजले जाते, ना या उद्दिष्टांत, कारण दोन्ही व्यवस्था आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरत्या आहेत. हवाई मार्गाने हे अंतर साडेचारशे किलोमीटरहून कमी आहे, म्हणजे वरील अभ्यासाने दाखविलेल्या अल्प अंतराच्या गटात ते नेमके बसते.

सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. पण हा कर खरेदीवर आहे. विमान वर्षातून किती उडते याच्याशी त्याचा संबंध नाही. विमान इंधन अद्याप वस्तू व सेवा कराबाहेर असून त्यावरील मूल्यवर्धित कराचा दर राज्य सरकारे ठरवितात. त्यामुळे दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या गोव्यासारख्या छोट्या राज्याच्या हातीही या प्रश्नाचा एक धागा आहे.

कोर्सियाचा दर तीन वर्षांनी आढावा घेतला जातो. उंबरठा खाली आणावा की नाही, हा प्रश्न तेथे मांडता येतो. तो मांडला जाईपर्यंत उद्योगापुढे जुनाच मार्ग खुला आहे. सुरक्षिततेसाठी ज्यांनी बाहेरच्या परीक्षकास आपली दारे उघडली, त्यांनी प्रत्येक विमानाचे इंधन आणि उत्सर्जन स्वतःहून मोजून जाहीर करावे. २०५० च्या वचनाकडे खरोखर वाटचाल होत आहे काय, हे तेव्हा कोणासही पडताळून पाहता येईल.