ओळख चुकते तेव्हा : कथेतली गंमत मोबाईलवर जीवघेणी का ठरते?

आंधळगाव कुठे आहे? भंडाऱ्याचा माणूस सांगेल, मोहाडी तालुक्यात, कोसा विणणाऱ्यांचं गाव. सोलापूरचा माणूस मंगळवेढा तालुका सांगेल, तर पुण्याचा शिरूर. तिघंही बरोबर. आता समजा, ग्रुपवर मेसेज पडला, 'आंधळगावात पोरं पळवणारी टोळी आलीय.' कुठलं आंधळगाव हे विचाराल, की थेट पुढे ढकलाल?

एकाला दुसराच समजण्याचा हा घोळ लेखकांचा जुना आवडता विषय आहे.

लेखकांना यात काय सापडतं?

एक अनोळखी माणूस आणि त्याच्याबद्दल लोकांनी करून घेतलेला समज, एवढ्यावर गोष्ट उभी राहते. पुलंचं 'अंमलदार' हे नाटक गोगोलच्या १८३६ सालच्या रशियन नाटकावरून आलं. गोगोलच्या नाटकात एका फुटकळ कारकुनाला गावातले अधिकारी तपासणीला आलेला बडा साहेब समजतात. खोटं त्यानं सुरू केलेलं नसतं. भीती अधिकाऱ्यांच्याच मनात असते.

रवींद्रनाथ टागोरांच्या 'जीवित ओ मृत' या कथेत कादंबिनी मेली असं समजून तिला स्मशानात नेतात. ती शुद्धीवर येते, पण लोकांना ती भूतच वाटते. शेवटी आपण जिवंत होतो हे तिला मरून सिद्ध करावं लागतं.

एक गोष्ट हसवते, दुसरी चटका लावते. पण दोन्हीकडे खरं काय ते आपल्याला माहीत असतं. म्हणूनच पात्रं कुठे चुकतायत, हे आपल्याला दिसतं.

मोबाईलवर काय बदलतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात पसरले होते. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जणांचा जीव गेला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल, असंही जाहीर केलं. यानं मेसेजचा वेग कमी होतो, पण तो खरा की खोटा हे त्यातून कळत नाही.

कथा वाचताना आपण बाहेरून बघत असतो. ग्रुपवर मात्र आपणच त्या गोष्टीतलं गाव असतो. माहिती अर्धवट आणि पोरांची काळजी खरी, त्यामुळे भलेभले फसतात.

मग करायचं काय?

मेसेजमध्ये तारीख, तालुका आणि प्रत्यक्ष पाहणारा माणूस आहे का, ते बघा. नसेल तर पुढे पाठवू नका. गावात कुणाचा खरंच संशय आला, तर पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ वर फोन करा. त्या माणसाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. तो चुकीचा निघाला, तर तोवर किती मोबाईलमध्ये पोचला असेल, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.